बाळाच्या कवटीची शस्त्रक्रिया: रक्त किती लागते, कुणाचे चालते, केव्हा द्यायचे?

कवटीच्या हाडांमधल्या शिवणी वेळेआधी जुळल्या की डोक्याचा आकार बिघडतो. काही बाळांत मेंदूला वाढायला जागा कमी पडते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. या आजाराला क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. यावर आलेल्या बहुतेक पत्रांत रक्ताची काळजी होती, म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. बालभूलतज्ज्ञ, मेंदूशल्यचिकित्सक आणि रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकारी यांनी मिळून उत्तरे दिली आहेत. औषधांच्या मात्रा विषय समजावा म्हणून दिल्या आहेत. तुमच्या बाळाची मात्रा त्याचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न: आमची मुलगी आठ महिन्यांची आहे, वजन साडेसात किलो. डोके लांबट, अरुंद दिसू लागले म्हणून तपासले तर मधली शिवण जुळलेली निघाली. कवटी उघडून आकार द्यायची शस्त्रक्रिया ठरली आहे. "रक्त चढवावे लागेल असेच धरून चला," असे डॉक्टर म्हणाले. मेंदूला तर हात लावायचा नाही म्हणतात, मग एवढे रक्त जाते कुठून? रक्त न देता नाही का भागणार? — एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आधी बाळाच्या अंगात मुळात रक्त किती असते ते पाहू. या वयात किलोमागे सुमारे 80 मिलि धरतात, म्हणजे तुमच्या मुलीच्या अंगात साधारण 600 मिलि रक्त आहे. मोठा माणूस रक्तदानात 350 मिलि देतो आणि तासाभरात कामाला लागतो. तुमच्या मुलीचे चहाच्या एका कपाएवढे, 150 मिलि रक्त गेले, तर तिचे पाव रक्त गेले.

आता ते जाते कुठून? डोक्याच्या कातडीला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत छेद घेतला की कडा वाहू लागतात. त्यानंतर हाडावरचे पातळ आवरण सोडवताना हाडातून वर येणाऱ्या बारीक शिरा तुटतात आणि उघड्या हाडावर सगळीकडे रक्ताचे थेंब फुटतात. हाड कापले की त्याच्या स्पंजासारख्या मधल्या थरातून पाझर सुरू होतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. जी शिवण जुळली आहे, तिच्या बरोबर खाली मेंदूची सर्वात मोठी नस, सॅजिटल सायनस, धावते. तिथले हाड उचलताना नसेला चीर गेली तर काही मिनिटांत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. ही चीर क्वचितच जाते. एरवी धार लागत नाही, रक्त तासन्‌तास झिरपत राहते, आणि सर्वांना फसवतो तो हा पाझरच.

किती रक्त गेलेले चालेल याचा हिशेब भूलतज्ज्ञ आधीच मांडतात. अंगातले एकूण रक्त घ्यायचे, त्याला सुरुवातीचा हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के तो आकडा) आणि किमान चालेल तो हिमॅटोक्रिट यांच्या फरकाने गुणायचे आणि सुरुवातीच्या आकड्याने भागायचे. तुमच्या मुलीचा हिमॅटोक्रिट 33 असेल आणि 24 पर्यंत खाली गेलेला चालणार असेल, तर 600 गुणिले 9 भागिले 33, म्हणजे सुमारे 164 मिलि. कवटी उघडून करायच्या शस्त्रक्रियेत अंगातले निम्मे रक्त जाणे नेहमीचे आहे, कधी त्याहून जास्तही जाते. निम्मे म्हणजे 300 मिलि. हे दोन आकडे शेजारी ठेवले की तुमचे डॉक्टर तसे का म्हणाले ते कळेल. त्यांनी तुम्हाला सरळ सांगितले हे आम्हाला फार चांगले वाटले. या शस्त्रक्रियेत "रक्त लागणारच नाही" अशी हमी कुणी दिली तर मात्र दुसरे मत घ्या.

प्रश्न: दुर्बिणीने केले तर रक्त लागत नाही असे ऐकले. खरे का? — एक वडील, पनवेल

उत्तर: बरेचसे खरे आहे, पण त्याला वयाची अट आहे. हिमेनेझ आणि बारोन या अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी 1998 मध्ये ही पद्धत मांडली. दोन लहान छेदांतून दुर्बीण घालून जुळलेल्या शिवणीची हाडाची पट्टी काढतात. ती साधारण तीन महिन्यांच्या सुमारास, सहा महिन्यांच्या आत करायची असते. तेव्हा हाड पातळ असते आणि मेंदू झपाट्याने वाढत असल्याने पुढचा आकार तोच देतो. रक्त बरेच कमी जाते आणि बहुतेक बाळांना चढवावे लागत नाही. पण त्यानंतर कित्येक महिने, दिवसाचे 23 तास, मापाचे हेल्मेट घालावे लागते आणि डोके वाढेल तसे ते बदलावे लागते. ते बनवणारे आणि तपासणारे केंद्र तुमच्या आवाक्यात नसेल तर निम्मा उपचार वाया जातो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया असली तरी रक्ताची पिशवी जुळवून तयार ठेवायचीच, कारण खालची नस तीच आहे.

प्रश्न: पुतण्याचे ऑपरेशन आहे. त्याचा आणि माझा रक्तगट एकच आहे. अनोळखी माणसाचे रक्त देण्यापेक्षा मी किंवा त्याच्या वडिलांनी दिले तर जास्त सुरक्षित नाही का? रक्तपेढी ऐकायला तयार नाही. — एक काका, सोलापूर

उत्तर: काका, रक्तपेढीचे बरोबर आहे. जवळच्या नातेवाइकाचे रक्त जास्त सुरक्षित असते हा समज घरोघरी आहे, पण तो चुकीचा आहे. दात्याच्या रक्तात जिवंत पांढऱ्या पेशी असतात. अनोळखी माणसाच्या या पेशी बाळाचे शरीर परकी म्हणून ओळखते आणि संपवते. रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या पेशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की बाळाचे शरीर त्यांना ओळखत नाही. त्या तिथे रुजतात आणि बाळाच्याच कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर, अस्थिमज्जेवर हल्ला करतात. हा आजार फार विरळ आहे, पण झाला तर बहुधा जीव घेतो. पांढऱ्या पेशी गाळणारी चाळणी लावून तो टळत नाही. त्यासाठी पिशवीला 25 ग्रे मात्रेचे किरण द्यावे लागतात आणि ती सोय ठरावीक रक्तपेढ्यांतच असते. आईच्या रक्ताचा आणखी एक प्रश्न असतो. गरोदरपणात तिच्या शरीराने बाळात वडिलांकडून आलेल्या गुणांविरुद्ध प्रतिपिंडे बनवलेली असू शकतात.

तुम्ही जरूर रक्तदान करा, पण ते पुतण्याच्या नावावर नको, साठ्यात जाऊ द्या. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 च्या वर आणि पुरुषांना मागच्या रक्तदानाला 90 दिवस झालेले हवेत. दिलेले रक्त एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया यांसाठी तपासले जाते. तपासणी पूर्ण व्हायला वेळ लागतो, म्हणून ऑपरेशनच्या सकाळी पाच मित्रांना घेऊन धावत जाण्यात अर्थ नाही.

रक्तपेढीकडे एक गोष्ट मात्र आवर्जून विचारा: "एका दात्याचे रक्त लहान पिशव्यांत वाटून मिळेल का?" लाल पेशींची एक पिशवी 250 ते 300 मिलिची असते आणि एवढ्याशा बाळाला एका वेळी 75-100 मिलि लागते. फ्रिजमधून काढलेली पिशवी चार तासांत संपवावी लागते, उरलेले फेकून द्यावे लागते. एका दात्याच्या रक्ताच्या जोडपिशव्या राखून ठेवल्या, तर शस्त्रक्रियेत एक आणि गरज पडल्यास रात्री वॉर्डात दुसरी देता येते, आणि बाळाला दोनऐवजी एकाच दात्याचे रक्त जाते.

प्रश्न: मुलगा चार महिन्यांचा आहे, हिमोग्लोबिन 9.6. दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया आहे. वाढवता येईल का? आमचे मूळ गाव गडचिरोली जिल्ह्यातले आहे. — एक आई, नागपूर

उत्तर: जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात प्रत्येक बाळाचे हिमोग्लोबिन उतरते. पूर्ण दिवसांच्या बाळात ते साडेनऊपर्यंत येणे निसर्गक्रमातले आहे, त्यानंतर ते आपोआप वर येते. तुमच्याकडे दोन महिने आहेत, ते वाया घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना विचारून लोहाचे थेंब सुरू करा. उपचाराची मात्रा साधारण किलोमागे रोज 3 मिग्रॅ लोह इतकी असते. बाटलीवर "एलिमेंटल आयर्न" म्हणून लिहिलेला आकडाच धरायचा, क्षाराचे वजन नाही. नेमकी इथेच गल्लत होते. थेंब दोन दुधांच्या मधे द्या. शी काळपट होईल, घाबरू नका. काही केंद्रांत शस्त्रक्रियेआधी तीन आठवडे एरिथ्रोपोएटिनची (शरीराला लाल पेशी बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शने आठवड्याला एक, किलोमागे 600 युनिट, लोहाच्या जोडीने देतात. त्याने हिमोग्लोबिन चांगले वाढते. ती महाग असतात आणि सगळीकडे वापरली जात नाहीत.

गडचिरोलीचा उल्लेख केलात ते फार बरे केले. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बरेच आढळतो. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते, त्यामुळे नेहमीची विद्राव्यता चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणीच करून घ्या. निव्वळ वाहक असेल तर शस्त्रक्रिया अडत नाही. आजार असेल तर थंडी, पाणी कमी पडणे आणि रक्त आम्ल होणे या तिन्ही गोष्टी घातक ठरतात, आणि तयारी पूर्ण वेगळी करावी लागते. नाळ पडताना, सुंता करताना किंवा लस टोचल्यावर रक्त लवकर थांबले नव्हते का, आईच्या माहेरी कुणाला रक्तस्रावाचा आजार आहे का, जन्मल्यावर व्हिटॅमिन केचे इंजेक्शन दिले होते का, हेही न विचारता सांगा. केवळ छापील अहवालांवर विसंबण्यापेक्षा ही माहिती जास्त उपयोगी पडते.

प्रश्न: ट्रानेक्झॅमिक ॲसिड नावाचे रक्त थांबवण्याचे औषध देणार आहेत. त्याने गुठळ्या होतात, झटके येतात, असे वाचले. — एक वडील, कोल्हापूर

उत्तर: आमच्या मते या शस्त्रक्रियेत हे औषध न देण्याला आता सबळ कारण लागते. जपानमध्ये उताको ओकामोतो यांनी ते शोधले, 1962 साली ते जगासमोर आले. ते नवी गुठळी तयार करत नाही. जखमेवर झालेली गुठळी शरीर स्वतःच विरघळवू लागते, ते विरघळणे थांबवते. 2011 मध्ये दोन स्वतंत्र चाचण्या नेमक्या याच शस्त्रक्रियेवर प्रसिद्ध झाल्या, आणि दोन्हींत रक्त चढवण्याचे प्रमाण स्पष्ट कमी झाले. त्यातल्या एकीत पहिली मात्रा किलोमागे 50 मिग्रॅ होती. पुढे औषधाची रक्तातली पातळी मोजल्यावर कमी मात्राही पुरते असे दिसले. आज बरीच केंद्रे पंधरा मिनिटांत किलोमागे 10 मिग्रॅ, मग तासाला किलोमागे 5 मिग्रॅ देतात. झटक्यांच्या बातम्या मुख्यतः मोठ्या माणसांच्या हृदयशस्त्रक्रियेतल्या, मोठ्या मात्रेच्या आहेत. बाळाला आधीपासून फिट येत असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते सांगाच.

खरा धोका ॲम्प्यूलच्या गोंधळात आहे. मणक्यात द्यायच्या भुलीच्या औषधाच्या आणि याच्या ॲम्प्यूल काही कंपन्यांच्या हुबेहूब सारख्या दिसतात. चुकून हे मणक्यात गेले तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये यावर इशारा दिला आहे. दोन्ही औषधे एका ट्रेमध्ये ठेवायचीच नाहीत.

प्रश्न: मी शासकीय महाविद्यालयात भूलशास्त्राचा निवासी डॉक्टर आहे. आमच्याकडे अशा केसेस वर्षात मोजक्याच होतात. रक्ताच्या बाजूने क्रम कसा असावा आणि काय चुकते? — एक निवासी डॉक्टर, विदर्भ

उत्तर: पहिला नियम: लाल पेशींची पिशवी तपासून, नाव-क्रमांक जुळवून ओटीत आल्याशिवाय छेद घेऊ द्यायचा नाही. "रक्तपेढीत राखून ठेवले आहे" हे पुरेसे नाही. लिफ्ट बंद पडते, रक्त आणायला गेलेला वॉर्डबॉय चुकीच्या काउंटरवर उभा राहतो, आणि गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) वितळायला अर्धा तास लागतो.

दोन 22 गेजच्या चांगल्या चालणाऱ्या सुया, धमनीत लाइन, लघवीची नळी एवढे हवेच. बाळ झाकले गेले की सुई शोधता येत नाही, तेव्हा दोन्ही सुया छेदाआधी स्वतः ढकलून बघा. ओटीचे तापमान 24 ते 26 अंश ठेवा, खाली गरम हवेचे पांघरूण, द्रव आणि रक्त गरम करूनच. थंड बाळाचे रक्त गोठत नाही, मग कितीही प्लाझ्मा ओता. कातडीत 0.5 टक्के लिग्नोकेन आणि 2 लाखांत 1 ॲड्रिनलिन टोचायला सांगा. मर्यादा किलोमागे 7 मिग्रॅ, म्हणजे साडेसात किलोच्या बाळाला सुमारे 10 मिलि. टोचल्यावर सात ते दहा मिनिटे थांबायचे. शल्यचिकित्सक घाईत असतो, त्याला थांबवणे तुमचे काम आहे.

रक्त सुरू कधी करायचे? इथे सर्वात जास्त चुका होतात. बाळाचा रक्तदाब पाव रक्त जाईपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. रक्तदाब पडण्याची वाट पाहणारा भूलतज्ज्ञ उशीर करतो, आणि मग हाताने सिरिंज दाबत भराभर रक्त ढकलू लागतो. तिथेच पोटॅशियमचा धोका उभा राहतो. साठवलेल्या रक्तात पेशींतून पोटॅशियम बाहेर येत असते, जितकी जुनी पिशवी तितके जास्त, आणि किरण दिलेल्या पिशवीत त्याहून वेगाने. जुने रक्त बारीक सुईतून, विशेषतः हृदयाजवळच्या नळीतून जोरात गेले तर ईसीजीवर टोकदार टी-लहर, रुंद क्यूआरएस आणि हृदय बंद, एवढा प्रवास एका मिनिटाचा आहे. म्हणून पिशवी शक्यतो सात दिवसांच्या आतली मागा, किरण दिलेली असेल तर 24 तासांच्या आत वापरा, आणि हाड कापायला सुरुवात होताना, पाझर वाढायच्या आधीच, संथपणे सुरू करा. किलोमागे 10 मिलि लाल पेशींनी हिमोग्लोबिन साधारण 2 ते 2.5 ग्रॅमने वाढते. रक्तातले वायू तपासणाऱ्या यंत्रावर दर अर्ध्या-एक तासाने हिमोग्लोबिन, पोटॅशियम, आयनीय कॅल्शियम, लॅक्टेट बघा. रक्ताबरोबर सिट्रेट (पिशवीतले रक्त गोठू न देणारे रसायन) जाते आणि कॅल्शियम ओढून घेते. दाब मऊ पडू लागला की कॅल्शियम ग्लुकोनेट किलोमागे 30 ते 60 मिग्रॅ सावकाश, चांगल्या शिरेतून द्या, रक्ताच्या नळीतून कधीही नाही. रिंगर लॅक्टेटही रक्ताच्या नळीत मिसळू नका, त्यात कॅल्शियम असते.

अंगातल्या रक्ताइतके रक्त बदलले गेले की गोठणारे घटक पातळ होतात. प्लाझ्मा किलोमागे 10 ते 15 मिलि. फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारे प्रथिन) 150 मिग्रॅच्या खाली उतरले तर क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेनने भरलेला घटक), दर 5 ते 10 किलोंमागे एक युनिट. प्लेटलेट एक लाखाखाली आणि पाझर चालू असेल तर किलोमागे 10 मिलि. ही मागणी पाझर दिसल्यावर करू नका, निम्मे रक्त गेले की फोन करा.

एक गोष्ट पुस्तकात वेगळ्या प्रकरणात असते, पण टेबलावर ती रक्ताशीच बांधलेली आहे. बाळाचे रक्त कमी पडले की शिरांमधला दाब उतरतो, आणि हृदयापेक्षा वर असलेल्या उघड्या हाडातून हवा आत ओढली जाते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड अचानक पडला तर रक्तदाबाची वाट न पाहता ओरडून सांगा. जखम सलाईनने भरायची, हाडाच्या कडांना मेण लावायचे, टेबल डोक्याकडून खाली करायचे, 100 टक्के ऑक्सिजन, मध्यवर्ती नळी असेल तर तिच्यातून हवा खेचायची. बाळ नीट भरलेले ठेवणे हाच यावरचा पहिला प्रतिबंध.

प्रश्न: गेलेले रक्त मोजायची जबाबदारी माझ्यावर असते. सर्जन 60 मिलि म्हणतात, भूल देणारे 150. खरे कसे ठरवायचे? — एक परिचारिका, पुणे

उत्तर: सिस्टर, तराजूवर. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. सकाळीच दहा कोरे गॉज एकत्र तोलून एकाचे वजन पाटीवर लिहा. भिजलेले गॉज बाहेर आले की लगेच तोला, वाळू देऊ नका. जादा भरलेला एक ग्रॅम म्हणजे एक मिलि रक्त. ओले गॉज वापरणार असतील तर ते एकसारखे पिळून, त्याच ओल्या स्थितीत आधी तोलून घ्या. सक्शनची बाटली लहान आणि 10 मिलिच्या खुणांची हवी. दोन लिटरच्या बरणीत 40 मिलि दिसतच नाही. धुण्यासाठी दिलेले सलाईन 50 मिलिच्या सिरिंजांनीच मोजून टेबलावर द्या आणि बाटलीतून ते वजा करा. हिशेब चुकवणारी जागा म्हणजे डोक्याखालची चादर आणि कपडे. तिथे गोळा झालेले रक्त कुणीच मोजत नाही. डोक्याखाली पन्हाळीची पिशवी लावली तर ते हाती येते. दर पंधरा मिनिटांनी एकूण आकडा मोठ्याने म्हणा, मिलिबरोबर "एकूण रक्ताचे इतके टक्के" हेही सांगा. 60 मिलि ऐकून कुणी हलत नाही, पण सहा किलोच्या बाळाचे "साडेबारा टक्के गेले" म्हटले की सगळ्यांच्या माना वर होतात.

प्रश्न: शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन 7.9 आले, तरी रक्त देत नाहीत. डोळे सुजून बंद आहेत. पुढे कशाकडे लक्ष द्यायचे? — एक आजोबा, सातारा

उत्तर: आजोबा, डोळ्यांची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि मग उतरते. 7.9 हा आकडा ऐकायला कमी वाटतो, पण बाळ शांत असेल, दूध पीत असेल, ड्रेन (जखमेतले रक्त बाहेर काढणारी नळी) आटत असेल तर बहुतेक ठिकाणी 7 च्या खाली गेल्याशिवाय रक्त देत नाहीत. प्रत्येक पिशवीबरोबर थोडा धोका येतोच, तो विनाकारण का घ्यायचा? पहिल्या दोन दिवसांत हिमोग्लोबिन आणखी थोडे उतरू शकते. ड्रेनमध्ये ताजे लाल रक्त वाढत असेल, झोपेतही नाडी वेगाने चालत असेल, हातपाय गार पडले असतील, लंगोट चार-सहा तास कोरडा असेल, किंवा बाळ दुधाला तोंड लावत नसेल, तर सिस्टरना लगेच बोलवा, सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डवर काय चढवले, किती मिलि आणि कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या. लसीसाठी ते लागते. दात्याच्या रक्तातल्या गोवराच्या प्रतिपिंडांमुळे नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस नीट लागू होत नाही. लाल पेशी दिल्या असतील तर साधारण सहा महिने, प्लाझ्मा किंवा प्लेटलेट दिल्या असतील तर सात महिने अंतर ठेवतात. गावात गोवराची साथ असेल तर बालरोगतज्ज्ञ ती वेळेवर देऊन नंतर पुन्हा एकदा देतात. पोलिओ, पेंटाव्हॅलंट या लसी त्यासाठी लांबवायच्या नसतात.